अकरा नंबरचा तंबू

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ६ वाजून १० मिनिटे.

खुंट्या मोजत होतो. मोठ्या तंबूच्या चौदा, छोट्याच्या दहा, एकूण चोवीस. काल मोजल्या तेव्हाही चोवीसच भरल्या होत्या, पण काल डोळ्यांवर झोप होती, त्यामुळे ती मोजणी धरलेली नाही.

आठ वाजता निघायचं आहे. आई, मी आणि मिस्त्री. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात पाच रात्री. मी पंचवीस वर्षांचा आहे. अकरा वर्षं तंबू शिवतोय, पण तंबूत एकदाही झोपलेलो नाही. हे मालकांना कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. मग म्हणाले, "अरे, तुझ्या हातच्या तंबूंत निम्मी दुनिया झोपून आली, आणि तू अजून पलंगावरच? घे सात दिवस रजा. नाही घेतलीस तर पगार कापीन." रजा न घेतल्याबद्दल पगार कापण्याचा नियम कुठे असतो, हे मी विचारलं नाही.

मोठा तंबू माझा आहे. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकला आणि तीन वर्षं न्यायलाच आला नाही. मालक म्हणाले, घेऊन टाक. वर्षभर सुट्टीच्या दिवशी बसून मी त्याची प्रत्येक शिवण उसवली आणि पुन्हा घातली. छोटा तंबू मालकांच्या भाड्याच्या मालातला, मिस्त्रींसाठी आणलेला. तो जसा नेला तसा परत द्यायचा आहे.

मिस्त्रींबद्दल इथे लिहून ठेवतो. आई इस्पितळात कपडे धुण्याच्या विभागात काम करते. दोन वर्षांपूर्वी चादरींच्या ढकलगाडीसकट ती लिफ्टमध्ये अडकली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, चाळीस मिनिटं. लिफ्ट दुरुस्त करणारे हे मिस्त्री. दार उघडेपर्यंत ते बाहेरून तिच्याशी बोलत राहिले, ती घाबरू नये म्हणून. तेव्हापासून ओळख. आणि तेव्हापासून ती लिफ्ट आठवड्यातून दोनदा तरी बिघडते, तेही नेमकी आईच्या जेवणाच्या सुट्टीत. एवढ्या मोठ्या इस्पितळाला हे शोभत नाही. मी आईला जिने वापरायला सांगितलं आहे.

आधी आम्ही दोघंच जाणार होतो. आईच्या विभागात भिंतीवर पाच वर्षांपूर्वीचं एक कॅलेंडर आहे. ते ऑक्टोबरवरच थांबलंय, कारण त्या पानावरचं डोंगरातल्या पिवळ्या झाडांचं चित्र आईला आवडतं आणि ती कोणाला पान उलटू देत नाही. ती झाडं तिला दाखवायची, एवढाच बेत होता. मग ती म्हणाली, मिस्त्रींकडे गाडी आहे. मी म्हटलं, बस जाते. ती म्हणाली, "येऊ दे की त्यांना. तिथे निवांत बोलायचंय तुझ्याशी. आम्हा दोघांना."

या वाक्याला नऊ दिवस झाले. तेव्हापासून मी लक्षणांची यादी करतो आहे. आई इस्पितळात काम करते, मिस्त्रीही इस्पितळात. दोघांनी मिळून मला सांगण्यासारखं काय असणार? दोन महिने ती जेमतेम जेवते. आरशासमोर जास्त वेळ उभी राहते, म्हणजे तिला चेहऱ्यावर काहीतरी दिसत असणार. परवा भांडी घासताना गुणगुणत होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा. माणसं दुखणं लपवायला असं करतात. बाबांच्या शेवटच्या महिन्यातही घरात सगळे फार हसतमुख असायचे.

तेव्हा मी नववीत होतो. शाळा तिथेच सुटली. घरातला प्रत्येक अर्ज तेव्हापासून मी भरतो. 'कुटुंबप्रमुख' हा शब्द मी चौदाव्या वर्षी पहिल्यांदा लिहिला आणि लिहिण्याआधी शब्दकोशात बघून घेतला. तो शब्दकोश आजही बरोबर घेतला आहे.

मिस्त्रींचा खर्च वेगळ्या रकान्यात मांडायचा. उगीच कोणाचे उपकार नकोत.

गॅसची कळ तीनदा बघितली.

तोच दिवस. दुपारी ४ वाजून ४० मिनिटे. जागा नंबर ६.

पोचलो. दोन्ही तंबू उभे आहेत.

गाडीत आई पुढे बसली. म्हणाली, मागे बसलं की तिला गाडी लागते. हे आजवर कधी ऐकलं नव्हतं. आणखी एक लक्षण.

एक गोष्ट नीट ऐकून टिपून ठेवली. मिस्त्री आईला काहीच म्हणत नाहीत. ताई नाही, वहिनी नाही, बाई नाही. "ऐकलं का, ती पाण्याची बाटली द्या," असं म्हणतात. आईही त्यांना "अहो" म्हणून मोकळी होते. दोन वर्षांची ओळख आहे, नीट हाक मारायला काय होतं? पण माणूस उद्धट वाटत नाही. मला ते "साहेब" म्हणतात, माझ्या याद्यांमुळे.

उद्यानाच्या तोंडाशी चौकी आहे. तिथल्या वनरक्षक बाईंनी विचारलं, "किती जण?"

"दोन आणि एक," मी म्हटलं.

"म्हणजे तीन."

"नाही बाई, दोन आणि एक. एक कुटुंब आणि एक ओळखीचे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. मिस्त्री गाडीची काच पुसत होते. ती स्वच्छच होती. आई पाटी वाचत होती. 'जनावरांना खायला घालू नये' एवढी एकच ओळ होती, पण तिला फार वेळ लागला.

इथला नियम असा. प्रत्येक कुटुंबाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड. ते चौकीतल्या फळीवर खिळ्याला टांगतात. संध्याकाळी बाई कार्डं आणि माणसं जुळवून बघतात, म्हणजे डोंगरात कोणी राहून जात नाही. कुटुंब नसेल तर कार्ड वेगळं आणि कार्ड वेगळं म्हणजे तंबूची जागाही वेगळी. मला ही पद्धत फार आवडली. आमच्या कार्डावर लिहिलं: कुटुंबप्रमुख मी, एकूण माणसं दोन, कुटुंबप्रमुखाशी नातं: आई. मिस्त्रींचं कार्डही मीच भरलं: एकूण माणसं एक. बाई म्हणाल्या, "इतकं नीट भरलेलं कार्ड दहा वर्षांत पाहिलं नाही." मला बरं वाटलं.

आम्हाला जागा नंबर सहा मिळाली, मिस्त्रींना अकरा. मध्ये बावन्न पावलं. आईच्या पावलांनी एकाहत्तर.

त्यांचा तंबू लावायला मी गेलो होतो. मिस्त्रींनी विचारलं, "साहेब, खुंटी किती अंशात ठोकायची?"

"पंचेचाळीस."

"आणि चव्वेचाळीस झाली तर?"

"वारा आला की कळेल."

यावर ते खूप हसले. मी विनोद केला नव्हता.

१५ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी १ वाजता.

झोप बरी लागली. तंबूच्या कापडावर दव साचलं होतं, आत एक थेंब नाही. सकाळी ऊन आलं तेव्हा आतून सगळं पिवळं झालं आणि माझी प्रत्येक शिवण दिसायला लागली. मी तसाच पडून बघत राहिलो. वीस मिनिटं गेली. असं माझ्या हातून कधी होत नाही.

आई मिस्त्रींना अकरा नंबरवर चहा नेऊन देते. परत येईपर्यंत तिचा स्वतःचा गार होईल, म्हणून ती आपलाही कप बरोबर नेते आणि तिथेच पिऊन येते. वेळ वाचवायला हे ठीक आहे. आज पाऊण तास वाचवत होती.

खालच्या वाटेने ओढ्यापर्यंत जाऊन आलो. मिस्त्री गोष्टी छान सांगतात. तेरा मजल्यांच्या इमारतीत एक म्हातारे गृहस्थ रोज लिफ्टने उगाच वर-खाली करायचे, त्यांची गोष्ट सांगितली. शेवटी कळलं, त्यांना घरी कोणी बोलायला नव्हतं आणि लिफ्टमध्ये माणसं भेटत. आई म्हणाली, "बघ, एकटं राहिलं की माणूस काय काय करतो." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मिस्त्रींनी खाकरून घसा साफ केला. मला वाटलं, आता सांगणार. मी म्हटलं, दोऱ्या ढिल्या पडल्या असतील, आणि तंबूकडे पळालो. दोऱ्या ताठच होत्या.

खरं लिहायचं तर मला ऐकायचंच नाही. नाही ऐकलं तर ते नाहीच, असं चौदाव्या वर्षीही वाटलं होतं. तेव्हाही उपयोग झाला नव्हता.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ४ वाजून १५ मिनिटे.

आज आईची झाडं बघितली.

ती वरच्या रानात आहेत. वाटेवर फाटक आहे. तिथे वनरक्षक बाईंनी मिस्त्रींना अडवलं. दिवस लहान झाले की एकट्या माणसाला फाटकाच्या वर सोडत नाहीत, कार्डावर किमान दोन माणसं लागतात. मिस्त्रींच्या कार्डावर एक.

"पण आम्ही बरोबरच आहोत," आई म्हणाली.

"कार्डावर नाही आहात," बाई म्हणाल्या. नियमाने त्यांचं बरोबर होतं.

मिस्त्री म्हणाले, "जाऊन या तुम्ही. मी या फाटकाकडे बघतो. कुरकुर ऐकलीत का त्याची? कधीपासून तेल मागतंय बिचारं." आई थांबली होती. ते पुन्हा म्हणाले, "ऐकलं का, जा. पाच वर्षं वाट बघितलीत."

दोन तासांचा चढ. आईला धाप लागली नाही, मला लागली. वर पोचलो आणि समोर सगळा डोंगर पिवळा. मी शिवणकाम करतो, मला पिवळे रंग नऊ माहीत आहेत. तिथे किती होते ते मोजता आलं नाही. वारा आला की पानं सुटायची आणि एक बारीक सळसळ वरपासून खालपर्यंत जायची.

"कॅलेंडरातल्यासारखंच आहे का?" मी विचारलं.

"कॅलेंडरात आवाज नव्हता," आई म्हणाली.

मग तिने दोन पानं उचलून रुमालात ठेवली आणि म्हणाली, "चल."

मी घड्याळ बघितलं. सात मिनिटं झाली होती. "एवढ्यात? पाच वर्षं वाट बघून?"

"बघितलं ना. ते बिचारे खाली एकटे बसलेत."

उतरताना तिने माझा हात धरला. "अरे, एक सांगू का तुला?" मी म्हटलं, आधी पाणी पी. पाणी पिऊन झाल्यावर ती पुन्हा म्हणाली, "ऐक ना." आणि मी तंबूच्या शिवणीला आतून पट्टी का चिकटवतात ते सांगायला लागलो. उतार संपेपर्यंत सांगत होतो. आता आईला पट्टीबद्दल मालकांपेक्षा जास्त माहिती आहे. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही, फक्त हात सोडला नाही. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

फाटक कुरकुरत नव्हतं. मिस्त्रींनी बिजागऱ्यांना तेल घालून कडीसुद्धा सरळ केली होती. आईने त्यांना एक पान दिलं. त्यांनी शर्टाच्या खिशातला टेस्टर काढून पँटच्या खिशात घातला आणि पान शर्टाच्या खिशात ठेवलं. टेस्टर पँटच्या खिशात ठेवणं धोक्याचं आहे, बसताना लागू शकतो. मी तसं सांगितलं. "लागू दे साहेब," ते म्हणाले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ११ वाजता.

क्रमाने लिहितो, म्हणजे चुकणार नाही.

पहाटे जागा झालो तेव्हाच ठरवलं. जे असेल ते असेल. पण आईला ती झाडं पुन्हा बघायची असतील आणि सोबत मिस्त्री हवे असतील, तर माझ्या दोन कार्डांपायी अडायला नको. साडेसातला एकटाच चौकीवर गेलो. बाई चहा पीत होत्या. म्हटलं, सहा आणि अकरा एक करायचे आहेत.

"करू की. नवीन कार्ड घ्या. पण नातं लिहावं लागेल. 'ओळखीचे' चालत नाही, ते तुम्हालाच माहीत आहे."

"मग काय लिहू?"

"ते मी कसं सांगू? त्यांनाच विचारा." आणि चहाच्या कपात बघून हसल्या. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे.

कोरं कार्ड घेऊन अकरा नंबरवर आलो. आई बटाटे सोलत होती, मिस्त्री स्टोव्ह पेटवून बसले होते. मी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "तिघांचं एक कार्ड करतोय. मिस्त्रींचं नातं काय लिहायचं?"

नुसता स्टोव्हचा आवाज. मिस्त्रींनी तो बंद केला.

"ऐकलं का," ते आईला म्हणाले, "आता बोला."

"तुम्ही बोला."

"मी दार उघडणारा माणूस. मला कुठे बोलता येतं?"

"चाळीस मिनिटं बोलत होतात की!"

मला ते सहन होईना. मी म्हटलं, "रिपोर्ट काय आलाय ते सरळ सांगून टाका. मी तयार आहे."

"कसला रिपोर्ट?"

"तुझा."

आईने हातातला बटाटा खाली ठेवला. "माझा? अरे, मला काय धाड भरलीय?"

मी सगळं सांगितलं. जेवण कमी, आरसा, गुणगुणणं, गाडी लागणं. यादी माझ्याकडे तयारच होती. ऐकता ऐकता मिस्त्री कानापर्यंत लाल झाले आणि आईने पदराने तोंड झाकलं. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. मग हसता हसता रडायला लागली आणि म्हणाली, "माझ्या राजा, बारा दिवस हे उराशी घेऊन बसला होतास? मला काही झालेलं नाही. म्हणजे झालंय. आम्हाला लग्न करायचंय. तू हो म्हणालास तर."

"आणि नाही म्हणालो तर?" सगळे नियम आधी विचारून घ्यायची मला सवय आहे. दुसरा काही हेतू नव्हता.

"तर नाही," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "आमचं तसं आधीच ठरलंय."

मिस्त्री मातीकडे बघत म्हणाले, "तर ती लिफ्ट पुन्हा बिघडणार नाही. शब्द देतो."

मी म्हटलं, जरा खुंट्या बघून येतो.

अकरा नंबरच्या दहा बघितल्या, मग सहा नंबरच्या चौदा. तेराव्या खुंटीपाशी कळलं की मी रडतो आहे. आई आजारी नाही. तोपर्यंत तेवढंच डोक्यात शिरलं होतं. लग्नाचं बाविसाव्या खुंटीला कळलं. तिथेच खाली बसलो.

वाईटही वाटलं, ते लिहायला हवं. अकरा वर्षं तेल-मिठापासून सगळं मी बघतोय. बाबांच्या खुर्चीवर मी वह्या ठेवतो, म्हणजे तिथे कोणी बसत नाही. आता तिथे माणूस बसणार. आणि आई गुणगुणायची ती त्यांच्यामुळे, माझ्यामुळे नाही. दुखणं समजलो होतो तोपर्यंत निदान ते आमच्या दोघांचं होतं.

थोड्या वेळाने आई आली. "सगळ्या आहेत?"

"चोवीस."

"मग सरक जरा." ती शेजारी बसली. मग म्हणाली, "तू नववीत होतास. अर्ज घेऊन यायचास, मी सही करायचे. कुटुंबप्रमुख म्हणून तुझं नाव बघून मला कौतुक वाटायचं. तेव्हाच पेन काढून घ्यायला हवं होतं तुझ्या हातातून. चुकलं माझं."

"अक्षर माझं चांगलं आहे," मी म्हटलं.

"हो रे. अक्षर तुझंच चांगलं आहे."

मी विचारलं की राहायचं कुठे. ती म्हणाली, आपल्याकडेच, तुझी हरकत नसेल तर. मिस्त्रींच्या खोलीत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला खिडकीत बसावं लागतं. मी म्हटलं, खुर्चीवरच्या वह्या हलवाव्या लागतील. ती म्हणाली, हळूहळू हलव.

मग कार्ड भरायला बसलो. मिस्त्री लांब उभे होते. मी हाक मारली, "कुटुंबप्रमुख कोण?"

"साहेबच," ते म्हणाले.

"तूच राहा," आई म्हणाली.

मी आईचं नाव लिहिलं. एकूण माणसं: तीन. माझ्यापुढे नातं: मुलगा. मिस्त्रींपुढे खूप विचार करून 'होणारे पती' लिहिलं, कारण अजून झालेले नाहीत.

चौकीवर बाईंनी वाचलं. "होणारे? कधी होणार?"

"तारीख ठरलेली नाही."

"मग पहिला शब्द खोडा. डोंगराला एवढं कळत नाही."

आजवर मी भरलेल्या कागदावर खाडाखोड नाही. ही पहिली. एकाच रेघेत, नीट खोडली.

तोच दिवस. संध्याकाळी ६ वाजता.

छोटा तंबू अकरावरून सहावर आणला. मिस्त्रींनी खुंट्या उपटल्या आणि नऊच आणल्या. दहावी पानांखाली गेली म्हणे. नऊवर तंबू उभा केला, चालतो आहे. उद्या शोधेन.

लग्न होईपर्यंत मोठ्या तंबूत आई आणि छोट्यात मी आणि मिस्त्री, असं ठरवलं. दोघांनी लगेच मान्य केलं. दुपारी मिस्त्री जरा आडवे झाले होते, तेव्हा कळलं की ते घोरतात. हे आईला आधी सांगावं का, यावर बराच विचार केला. सांगणार नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ३ वाजून ३० मिनिटे. वरचं रान.

तिघं वर आलो. फाटकाशी बाईंनी कार्ड बघून कपाळाला हात लावून सलाम केला. चढावर मिस्त्री दर शंभर पावलांनी विचारत होते, "याचं बटण कुठंय?" आई म्हणाली, "आता जिने वापरायची सवय करा." हे तिला मीच शिकवलं होतं.

वर आल्यावर मिस्त्री डोळे मिटून उभे राहिले. आई म्हणाली, "अहो, बघा की." ते म्हणाले, "आधी ऐकून घेतो. पानावरून अंदाज आला होता, आवाजाचा येत नव्हता."

मी त्यांना विचारलं की आता त्यांना काय म्हणायचं. ते म्हणाले, "मिस्त्रीच म्हण. ती हाक आली की मी वळतो." त्यांनी मला 'म्हणा' न म्हणता 'म्हण' म्हटलं, ते माझ्या नंतर लक्षात आलं. थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, पाव आण रे तो." मी लगेच उठून नेऊन दिला.

त्यानंतर गवतावर आडवा झालो आणि झोप लागली. दोऱ्या, फाटक, गॅसची कळ, काही आठवलं नाही. जाग आली तेव्हा अंगावर आईची शाल होती आणि शालीवर पानं. ती दोघं पुढे दगडावर बसली होती. आई गुणगुणत होती.

घड्याळ बघितलं. एक तास पन्नास मिनिटं झाली होती. मी म्हटलं, "निघायचं का?"

आई म्हणाली, "काय घाई आहे?"

२० ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७ वाजता. घरी.

काल दुपारी सुखरूप पोचलो. गाडीत आई पुढेच बसली. तिला गाडी लागत नाही, हे आता मला कळलं आहे, पण बोललो नाही. तंबू गच्चीवर वाळत घातले आहेत. खुर्चीवरच्या वह्यांतल्या निम्म्या कपाटात ठेवल्या. बाकीच्या पुढच्या आठवड्यात.

झालेला खर्च:

गाडीचं इंधन ८२०
प्रवेश आणि दोन जागा ३०० (अकरा नंबरची जागा सोडली, पण त्याचे १५० परत मिळाले नाहीत)
बटाटे, अंडी, पाव, चहा, साखर ५३५
स्टोव्हचा गॅस १२०
आईचे लोकरी मोजे ९०
एकूण १,८६५

मिस्त्रींचा वेगळा रकाना आखला होता. आईने वाचून "हे काय?" एवढंच विचारलं. त्यावर आडवी रेघ मारली.

देणं: मालकांना, भाड्याच्या तंबूच्या एका खुंटीचे, ५. ती अकरा नंबरवर पानांखाली आहे, कुठल्या कोपऱ्याची तेही मला माहीत आहे. काल निघताना गाडी तिथेच उभी होती. उतरलो नाही.